'एलियन'ची कॉमिक्स घेताना : हिक्स की विल्क्स, ते आधी बघा

आधी दोन ढीग करा. एकात चित्रपटाचं थेट रूपांतर, म्हणजे १९७९ चं 'एलियन : द इलस्ट्रेटेड स्टोरी' (लेखन आर्ची गुडविन, चित्रं वॉल्टर सायमनसन). एकच पुस्तक, डोक्याला ताप नाही. दुसऱ्यात पुढची कथा. सगळा घोळ इथंच.

१९८६ चा 'एलियन्स' चित्रपट संपतो त्याच्या पुढची गोष्ट डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनानं १९८८ मध्ये सुरू केली. लेखक मार्क व्हरहायडन. पहिली मालिका सहा अंकांची, कृष्णधवल, चित्रं मार्क नेल्सनची. दुसरी (१९८९) चार अंकांची, रंगीत. तिसरी 'अर्थ वॉर' (१९९०), तीही चारच अंकांची. तिच्यात चित्रपटांची नायिका रिप्ली येते. याच क्रमानं वाचा, मधला अंक गाळू नका.

पहिल्या मालिकेत 'एलियन्स'मधला, ॲसिडनं चेहरा भाजलेला सैनिक हिक्स आणि त्यातलीच लहान मुलगी, आता मोठी झालेली न्यूट आहे. पण १९९२ च्या 'एलियन ३' चित्रपटानं सुरुवातीलाच दोघांना मारून टाकलं. मग पुनर्मुद्रणांत हिक्सचा विल्क्स झाला, न्यूटची बिली. चित्रं तीच, चेहऱ्यावरचा डागही तोच, फक्त संवादाच्या फुग्यांतली नावं बदलली. वाचताना मग ही माणसं कोण, कुठून आली, असं होतं. म्हणून जुनं पुस्तक घेताना विक्रेत्याकडून नुसत्या मुखपृष्ठाचा नव्हे, आतल्या दोन-तीन संवादी पानांचा फोटो मागवा. २००७ च्या ऑम्निबसच्या (अनेक मालिका एकत्र बांधलेल्या संग्रहाच्या) पहिल्या खंडात बदललेली नावं आहेत. २०१६ च्या जाड पुठ्ठ्याच्या आवृत्तीत मूळ नावं परत आली. पहिली मालिका रंगवूनही निघाली, पण नेल्सनच्या बारीक रेघा रंगाखाली दबतात. कृष्णधवलच घ्या.

सुटा अंक घेत असाल तर आतला बारीक अक्षरातला मजकूर वाचा. पहिला अंक अनेकदा छापला गेलाय. 'सेकंड प्रिंटिंग' लिहिलं असेल तर पहिल्या छपाईची किंमत देऊ नका.

विज्ञानकथाकार विल्यम गिब्सनच्या, चित्रपटासाठी न वापरलेल्या पटकथेवरचं 'एलियन ३' कॉमिक (२०१८-१९, पाच अंक) ही वेगळीच फांदी. ते शेवटी वाचा, वरच्या कथेशी जुळवत बसू नका.

आता कोल्हापूरचा पावसाळा. अंक साधारण १७ बाय २६ सेंटीमीटरचा असतो. पॅकिंगच्या दुकानात त्याहून सेंटीमीटरभर रुंद पॉलिप्रॉपिलीनची पिशवी मागा, पीव्हीसीची नको. ती कालांतरानं छपाईला चिकटते. मागं आम्लरहित पुठ्ठा घाला. साधा राखाडी पुठ्ठा कागद पिवळा करतो. अंक डब्यात उभे ठेवा, फार दाबून नको. सोबत सिलिका जेलची पुडी टाका. नारिंगी दाणे हिरवे पडले की वाळवा किंवा बदला. पावसात भिजून आलेलं पार्सल लगेच डब्यात कोंबलंत तर ओल आतच राहते, बुरशी येते. आधी दोन दिवस पंख्याखाली. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब हवं, नाहीतर कसर लागलीच म्हणून समजा. आणि मिसळीच्या कटाचं बोट पानाला लागलं तर तो डाग जात नाही, पुसायला गेलं की पसरतो.

नदीकाठच्या भागात राहत असाल तर डबे तळमजल्यावर नकोतच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला टेकलं की डबे माळ्यावर चढवा. ४३ ची वाट बघू नका.