उबुंटू टाकताना लॅपटॉप अडकला? हात लावण्याआधी हे जमवा

आधी कागद आणि पेन. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) कागदावर उतरवलेली नसेल तर बाकी सगळं थांबवा आणि ती मिळवा. गेल्या जुलैत देवगडजवळ घरी विंडोजच्या जोडीला उबुंटू ही लिनक्स सिस्टिम टाकताना मी नेमकं हेच केलं नव्हतं. इन्स्टॉल मध्येच फसलं, मी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं, आणि पुढच्या वेळी समोर निळा पडदा: की टाका. बिटलॉकर चालू आहे हेच मला ठाऊक नव्हतं. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. ही की त्या खात्यात असते, खातं उघडायला ओटीपी लागतो, आणि आमच्या वाडीत रेंज मिळते ती वरच्या कातळावर, सड्यावर. भर पावसात सडा चढलो, तर ओटीपी बंद पडलेल्या जुन्या नंबरावर जात होता. सुरक्षेची सगळी माहितीच बदलायची तर ३० दिवसांची मुदत असते. कलमांच्या बागेचा सगळा हिशेब तेवढे दिवस आत अडकून राहिला.

म्हणून आजच मोबाइलवरून खातं उघडून बघा. निळ्या पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या नोंदीशी जुळवा, आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट कागदावर लिहा. मोबाइलमधला फोटो पुरत नाही, मोबाइलही बंद पडतो. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर की तिथल्या आयटीवाल्यांकडे मागा. कीशिवाय तो डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही. दुकानदार फॉरमॅट करू म्हणाला तर लॅपटॉप उचलून परत आणा.

चार्जर, इन्व्हर्टर. पावसाळ्यात वीज जाणार, हे धरूनच बसा.

पेनड्राइव्ह दोन, किमान ८ जीबीचे: एकावर उबुंटू, एकावर विंडोज. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, चांगलं नेट असेल तिथे बनवून आणा. एकेक फाइल पाच जीबीहून मोठी असते. शिवाय रिकामी बाहेरची हार्डडिस्क.

आता बायोस. फसताना जे बदललंत ते पूर्ववत करा. सिक्युअर बूट परत चालू केल्यावर कित्येकदा की मागणंच थांबतं. उबुंटूला डिस्क दिसावी म्हणून डिस्कची पद्धत रेडवरून एएचसीआय केली असेल तर तीही उलटवा, नाहीतर विंडोज सुरू होताना कोसळतं. बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आणा. अनेकांचं काम इथेच संपतं.

नाही संपलं तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा, ट्राय निवडा, इन्स्टॉल नको. विंडोजचा ड्राइव्ह उघडताना कुलूप दिसेल, तिथेही तीच ४८ आकडी की, मधल्या रेघांसकट. सगळा डेटा बाहेर कॉपी होईपर्यंत कोणतीही दुरुस्ती नाही. पार्टिशन चुकून उडालं असेल तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका.

मग विंडोजचा पेनड्राइव्ह, रिपेअर, कमांड प्रॉम्प्ट. पुन्हा की मागेल. डिस्कपार्ट या हुकुमाने ईएफआय पार्टिशनला (सुरू होण्याच्या फाइली असतात तो डिस्कचा छोटा भाग) अक्षर द्या, मग त्या फाइली परत बसवणारा बीसीडीबूट. डिस्कपार्टमध्ये क्लीन (डिस्क पुसणारा हुकूम) कधीही टाइप करू नका. फिक्सएमबीआर हा हुकूम जुन्या मशीनसाठी, सोडा.

विंडोज उघडलं की खात्यातला मोबाइल नंबर तपासा, आणि की छापून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.