पावसाळ्यात होडीवर काय टाकायचं? झाप, ताडपत्री की शिवून घेतलेलं कव्हर

मे अर्धा सरला की किनाऱ्यावर सगळ्यांची एकच घाई. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे त्याआधी बोटी वर ओढायच्या, जाळी उचलायची, इंजिनचं बघायचं, आणि या सगळ्यात होडी शाकारणं नेहमी शेवटी राहतं, मग बाजारात जी निळी ताडपत्री समोर दिसेल ती आणायची आणि चार दोऱ्या मारून मोकळं व्हायचं. तसं करू नका हो. अख्ख्या घराचं पोट ज्या होडीवर चालतं तिच्यासाठी एक दिवस काढा, आणि ताडपत्रीचा भाव विचारायच्या आधी दोन गोष्टी ठरवा: होडी लाकडाची की फायबरची, आणि पावसाळाभर ती जमिनीवर राहणार की पाण्यात.

लाकडी होडीला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त छळतं. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही, पण पावसाचं पाणी फळ्यांच्या सांध्यात जाऊन बसलं आणि वर हवा कोंडली की तिथूनच लाकूड मऊ पडायला लागतं. म्हणून लाकडी होडीला वरून पाणी नको आणि आतून वारा मात्र हवाच. याच्या उलट एप्रिल-मेच्या उन्हात उघडी ठेवली तर फळ्या आकसून फटी पडतात, तेव्हा तिला सावली लागते. फायबरच्या बोटीला कुजायची भीती नाही, पण आत पाणी साचून राहिलं तर थरांत शिरून फोड येतात, वायरिंग सडतं, आणि गच्च बंद केली तर गाद्या, लाइफ जॅकेट सगळ्याला बुरशी. थोडक्यात हवा दोघींनाही हवी.

आता एकेक प्रकार बघू.

झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या. आपल्याकडची जुनी पद्धत आणि लाकडी होडी जमिनीवर असेल तर अजूनही झकास. खाली हवा खेळते, ऊन अडतं, आणि नारळ घरचेच असले तर खर्च नगण्य. पण उतार चांगला पाहिजे, थर दाट पाहिजे, दरवर्षी नवीन विणावे लागतात आणि विणणारी माणसं आता कमी राहिलीत. बरेच जण आता खाली ताडपत्री आणि वरून झाप असं करतात, ते मला सगळ्यात आवडतं, कारण झापांमुळे प्लास्टिकवर थेट ऊन पडत नाही, वाऱ्याने फडफडत नाही, आणि ताडपत्री जास्त वर्षं टिकते.

प्लास्टिकचा साधा कागद, काळा किंवा पारदर्शक. एका पावसापुरता, तोही सरपणावर टाकायला. होडीवर नको. बांबूच्या टोकाला लागला की टरकन फाटतो.

निळी किंवा पिवळी विणलेली प्लास्टिक ताडपत्री. सगळ्यात जास्त हीच वापरली जाते आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते, कारण बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. ९०-१०० ची ताडपत्री घेऊ नका, होडीसाठी किमान २०० घ्या, आणि दुकानदार म्हणतो म्हणून विश्वास न ठेवता काट्यावर टाका. १५ बाय ३० फूट म्हणजे साधारण ४२ चौरस मीटर, ती खरोखर २०० ची असेल तर वजन सव्वाआठ-साडेआठ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. काटा सहा किलो दाखवत असेल तर ती दीडशेच्या खालचीच. मग ती उलगडून उजेडासमोर धरा, बारीक बारीक चांदण्या दिसल्या तर तिथून पाणी येणार. कडेला दुमड आहे का आणि दुमडीच्या आत दोरी घातलीये का ते बोटांनी चाचपून बघा, नुसत्या दुमडीवर दोरी ओवायच्या रिंगा मारलेल्या असतील तर पहिल्या मोठ्या वाऱ्यात रिंग कापडासकट उपटून येते. रिंगा शक्यतो पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या खाऱ्या हवेत पांढऱ्या पडून भुसभुशीत होतात. आणि यूव्ही वाली, म्हणजे उन्हाला टिकणारी आहे का ते विचारा, उन्हाने प्लास्टिक तडकतं ते त्याने बरंच लांबतं.

सिल्पॉलिनसारखे आडवे-उभे थर चिकटवून केलेले कागद वजनाला हलके आणि न विणलेले असल्यामुळे त्यात विणीच्या फटी नसतात, पाणी चांगलं अडवतात. फक्त टोकदार वस्तूंपासून जपायचे, आणि इथेही जाड तोच घ्यायचा.

कॅनव्हास, म्हणजे ट्रकवर असायची ती मेण लावलेली सुती ताडपत्री. हिच्यातून थोडी हवा जाते म्हणून लाकडी होडीला मानवते, वाऱ्यात प्लास्टिकइतकी फडफडत नाही, फाटली तर शिवता येते. पण भिजली की प्रचंड जड होते, दोघातिघांशिवाय हलत नाही, आणि ओली घडी करून ठेवली की बुरशी येऊन कुजलीच समजा. ज्याच्याकडे वाळवायला जागा आणि हाताखाली माणसं आहेत त्याने घ्यावी.

पीव्हीसी कोटेड कापड, म्हणजे टेम्पोच्या हूडचं असतं ते. साधारण ५०० जीएसएमच्या पुढे. महाग पडतं पण बरीच वर्षं जातं, आणि याचं कव्हर होडीच्या मापाने शिवून घेता येतं. बंदरावर खास शिवणारा नसला तरी रिक्षा-टेम्पोची हूडं शिवणारा कारागीर हे काम करतो, त्याला होडीपाशी घेऊन या, घरी बसून माप सांगू नका. धागा पॉलिस्टरचाच वापरायला सांगा, सुती धागा कापडाच्या आधी कुजतो. हे कापड अजिबात श्वास घेत नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना हवेसाठी झडप ठेवून घ्यायचीच. मालवण-तारकर्लीकडे पर्यटनाच्या आणि डायव्हिंगच्या फायबर बोटी ज्यांच्या आहेत त्यांच्यासाठी हा पर्याय मला सगळ्यात योग्य वाटतो. यॉटवर असतं ते ॲक्रिलिकचं कापड याहून भारी, रंग उडत नाही, हवाही जाते, पण किंमत बघता मासेमारीच्या होडीला त्याची गरज नाही. आणि परदेशात बोटीला गरम करून चिकटवतात ती पांढरी प्लास्टिकची खोळ व्हिडिओत छान दिसते, ती तिकडच्या थंडीसाठी आहे, एकदाच वापरून फेकायची, आपल्या दमट हवेत तिचा विचारच करू नका.

शेडनेट हे उन्हासाठी. एप्रिल-मेमध्ये लाकडी होडीवर टाका, पावसात त्याचा उपयोग शून्य.

कापड ठरलं, पण खरं सांगू का, भारीतली भारी ताडपत्रीसुद्धा सपाट टाकली तर फुकट. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो उतरायला वाट पाहिजे. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि चार बोटं-वीतभराच्या मधलं, म्हणजे दहा सेंटिमीटर खोल डबकं साचलं तर ते २०० लिटर झालं, म्हणजे २०० किलो तुमच्या होडीच्या काठांवर. त्यामुळे घरासारखं आढं घालायचं. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत एक सरळ बांबू, काठापेक्षा निदान तीन फूट उंच, खाली कैच्या, म्हणजे कात्रीसारखे एकमेकांत बांधलेले दोन-दोन बांबू, आणि दोन्ही बाजूंना पाख्यासारखे वासे दोन-अडीच फुटांवर, म्हणजे मधे झोळ पडत नाही. बांबूची टोकं आणि पेरं तासून त्यावर जुनं जाळं किंवा सायकलची ट्यूब गुंडाळा, ताडपत्री फाटते ती बहुतेक वेळा इथेच घासून. २४ फुटी, साडेसहा फूट रुंद होडीला असा उतार धरून आणि काठाखाली दोन फूट लोंबवून १५ बाय ३० पुरते. पुढून-मागून तोंड उघडं ठेवायचं, पण वरून पुढे ओढलेलं, म्हणजे झड आत येत नाही आणि वारा आरपार जातो.

बांधण्याचं एक फार महत्त्वाचं. होडीला आधाराला जे टेकू लावतो त्यांना ताडपत्रीची दोरी कधीही बांधू नका. वाऱ्यात ताडपत्री हिसके देते, टेकू सरकतो आणि होडी कलंडते. दोरी होडीच्या पोटाखालून घेऊन पलीकडच्या रिंगेला बांधा किंवा रिंगांना पाण्याने भरलेले कॅन लोंबकळत सोडा, वारा आला की कॅन थोडे वर उचलतात आणि परत खाली बसतात, रिंगेवर हिसका बसत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारखा इशारा आला तर मात्र ताडपत्री सरळ उतरवून ठेवा, तेवढ्या वाऱ्यात ती शीड होऊन होडी ओढत नेते.

झाकण्याआधी होडी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. जमिनीवरच्या होडीचं तळाचं बूच काढून ठेवा आणि ते हरवू नये म्हणून सुकाणूला किंवा चावीला बांधा. बॅटरी घरी न्या.

खाडीत ज्यांच्या छोट्या होड्या पावसातही चालतात त्यांचं गणित वेगळं. उघड्या होडीचं तोंड दहा चौरस मीटर धरलं आणि दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो जुलैत काही नवलाचा नाही, तर हजार लिटर पाणी आत, एक टन. रात्रीत होडी बसते. इथे मोठं आढं नको, वारा धरेल. बुटक्या कमानी आणि एका माणसाला पाच मिनिटांत काढता-घालता येईल असं, काठाला घट्ट बसणारं शिवलेलं कव्हर घ्या. आतलं पाणी उपसायचा पंप असेल तर त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचं भोक कव्हरखाली दाबलं जात नाहीये ना ते बघा. आणि कव्हर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, जोराचा पाऊस झाला की सकाळी एक फेरी मारून यायचीच.

जमिनीवरच्या होडीलासुद्धा आठवड्यातून एकदा डोकावून बघा, झोळ पडला असेल तर आतून काठीने ढकलून पाणी उतरवा, चीर दिसली तर कोरडी करून लगेच दोन्ही बाजूंनी टेप लावा, बोटभर चीर एका रात्रीत हातभर होते. ऑगस्टमध्ये ताडपत्री काढली की धुवा, पूर्ण सुकवा आणि मगच घडी घालून माळ्यावर टाका, उंदरांपासून जपून. आणि घडीवर लाल ऑइलपेंटने माप, जीएसएम आणि घेतल्याचं वर्ष लिहून ठेवा, पुढच्या मेमध्ये नवी लागणार की हीच चालणार ते माळ्यावर न चढता सांगता येतं.