पट्टी माझी, गळे मुलांचे

"ताई, स्पर्धेसाठी एखादं हमखास गाणं सांगा ना." नव्याने शाळेत लागलेल्या संगीत शिक्षकांचा फोन आला की बहुतेकदा सुरुवात इथूनच होते. पहिल्या वर्षी मीही असंच विचारत फिरले होते. गाणं मिळालं, मी ते बसवलं, आणि त्याच गाण्यावर माझ्या वर्गातल्या मुलांचे गळे मी बिघडवले. म्हणून गाण्यांच्या आधी पट्टीबद्दल, म्हणजे गाणं किती उंच सुरावरून म्हणायचं त्याबद्दल, लिहिते. पेटी तुम्हाला वाजवता येते, अलंकार घेता येतात, मुलांना रांगेत उभं करता येतं. ते मी सांगत बसत नाही. पट्टीचं मात्र आपल्याला कळतं असं आपण धरून चालतो आणि घात तिथेच होतो.

मी संगीत विशारद. माझा सा, म्हणजे गाण्याचा आधारसूर, पेटीवरची काळी पाच. गुरूंसमोर सगळी वर्षं त्याच सुरावर बसले, त्यामुळे शाळेत पेटी उघडली की हात आपोआप तिथेच जायचा. समोर पाचवी ते सातवीची चाळीस मुलं. गाणं मंद्र पंचमापासून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प-पासून, उठायचं आणि अंतऱ्यात तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग-पर्यंत, जायचं. काळी पाचचा मंद्र पंचम म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी चार. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात तो सूर जवळजवळ नसतोच, त्यामुळे मुलं पुटपुटायची. मी म्हणायचे, "आवाज काढा, मोठ्याने!" मग ती छातीतून रेटा द्यायची आणि तोच रेटा घेऊन अंतऱ्यात वर चढायची. मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या साच्या, पुढे आवाज चिरकायचा. मला वाटलं, गाणं उंच पडतंय. मी पट्टी उतरवली. आधी पांढरी सहा, मग काळी चार. खालचे सूर आणखी बुडाले, मुलांनी आणखी जोर लावला, आणि मी तो जोर म्हणजे तयारी समजले. स्पर्धेत बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी 'दमदार' म्हटलं. त्या एका शब्दाने मला पुढची दोन वर्षं चुकीच्या वाटेवर ठेवलं.

सोलापुरात जानेवारी कसा जातो, तुम्हाला माहीत आहे. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, लगेच गड्ड्याच्या यात्रेची धांदल, मग २६ जानेवारी. त्या वर्षी पंधरा दिवसांत आमचे तीन कार्यक्रम आणि रोज दोन तास तालीम. महिनाअखेरीस सहावीतल्या माझ्या मुख्य गायिकेचा आवाज बसला. फेब्रुवारी उलटला तरी तो सुटेना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरतंतूंवर लहान गाठी आल्या आहेत. ओरडणं पूर्ण बंद, गाणंही बंद. तिच्या घरी खालच्या मजल्यावर यंत्रमाग. आई म्हणाली, "मॅडम, दिवसभर मागाची खडखड. हळू बोललं तर ऐकायलाच येत नाही ओ घरात." त्या मुलीला मी निवडलं होतं ते तिच्या त्या मोठ्या आवाजासाठीच. घरात आधीच दमलेला गळा मी शाळेत आणखी दोन तास दमवत होते. आजही ते आठवलं की पेटीवर बसवत नाही.

घाबरू नका. ती मुलगी बरी झाली. लहान वयातल्या अशा गाठी बहुतेकदा आवाजाची सवय बदलली की ओसरतात, पण महिने लागतात. पुढच्या जूनमध्ये ती परत आली. तोवर मी एक साधं काम केलं होतं, जे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. प्रत्येक मुलाला एकटं बसवून दोन-दोन मिनिटं ऐकलं आणि वहीत त्याचा सर्वांत खालचा स्वच्छ सूर आणि सर्वांत वरचा सुखाचा सूर लिहून ठेवला. मोबाइलवर ट्यूनर अॅप असतं, ते समोर ठेवा; पेटीवर सप्तक मोजताना आपली फसगत होते, अॅपवर होत नाही. चाळीसपैकी बहुतेक मुलं मधल्या पांढरी एकपासून, म्हणजे २६२ हर्ट्झपासून, वरच्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे ५८७ हर्ट्झपर्यंत, आरामात गात होती. काही जण आणखी एक-दोन सूर वर. मुलांचे स्वरतंतू आखूड असतात, खाली जायला जागाच नसते. मी त्यांना ज्या पांढरी चारवर उभं केलं होतं, तो सूर १७५ हर्ट्झचा.

आता गणित. पट्टी ठरवताना सा कुठला ते आधी बघूच नका. गाण्यातला सर्वांत खालचा सूर आणि सर्वांत वरचा सूर शोधा, आणि ती दोन्ही टोकं या एवढ्या जागेत बसवा. एक गाणं मंद्र पंचम ते मध्य धैवत, म्हणजे मधल्या सप्तकातला ध, असं फिरतं. त्याचा सा पांढरी चारवर धरलात तर मंद्र पंचम मधल्या पांढरी एकवर येतो आणि धैवत वरच्या पांढरी दोनवर. अचूक बसलं. दुसरं गाणं मध्य षड्ज ते तार रिषभ, म्हणजे मधला सा ते वरचा रे, असं फिरतं. त्याचा सा पांढरी एक धरा, तार रिषभ पुन्हा त्याच पांढरी दोनवर येतो. मुलं तीच, जागा तीच, पण सा वेगळा, एकदा पांढरी चार, एकदा पांढरी एक. आपण शास्त्रीय गाणं शिकलेली माणसं इथेच अडतो, कारण आपला एक सा ठरलेला असतो आणि गाणं कुठलंही असो, ते त्या सावर बसवायची सवय असते. एकट्याच्या गाण्याला ते ठीक, कारण आपण गाणं आपल्या गळ्याप्रमाणे वळवतो. चाळीस मुलं गाणं वळवू शकत नाहीत.

आणि माझं ते मंद्र पंचम ते तार गंधारवालं गाणं? पावणेदोन सप्तकांचा पल्ला. त्याला कुठलीच पट्टी चालणार नव्हती. वर नेलं असतं तर तार गंधार आकाशात गेला असता, खाली आणलं तर मंद्र पंचम नाहीसा. ते गाणं मी निवडायलाच नको होतं. हे मला कळायला तीन वर्षं लागली, म्हणून इतकं लांबण लावलं. सप्तक, फार तर सप्तकाच्या वर एक-दोन सूर, यापेक्षा मोठा पल्ला असलेलं गाणं पाचवी-सहावीच्या समूहाला देऊ नका, कितीही गोड असलं तरी.

पेटीचं एक राहिलं. खर्जाचे, म्हणजे सोबत वाजणारे खालच्या सप्तकातले, सूर बंद ठेवा. ते चालू असले की मुलं खालचा सूर पकडायला जातात. पुरुष शिक्षकांना आणखी एक सांगणं: तुम्ही तुमच्या आवाजात ओळ म्हणून दाखवलीत की निम्मी मुलं तुमच्या सप्तकात उतरू बघतात आणि घोगरं गातात. वर्गातल्या एखाद्या सुरेल मुलाकडून ओळ म्हणवून घ्या. यात कमीपणा नाही.

पट्टी वर नेली की पहिल्या दिवशी मुलं आणखीच ओरडतील, कारण त्यांना तोच एक आवाज माहीत आहे. तेव्हा पट्टीबरोबर लगावही, म्हणजे आवाज लावायची पद्धतही, बदलावी लागते. त्यासाठी एक व्यायाम आहे, आमच्याकडे त्याला 'भोंगा' म्हणतात. गिरण्यांचे भोंगे या मुलांनी ऐकलेले नाहीत, त्यांच्या आजोबांनी ऐकलेत. 'ऊ' हा स्वर जमेल तितक्या वरून, हलका, फुंकरीसारखा सुरू करायचा आणि घसरत खाली यायचं. खालून वर नाही, वरून खाली. वरून येताना मुलं तो बारीक, डोक्यात घुमणारा आवाज घेऊनच खाली उतरतात आणि छातीचा रेटा लागत नाही. मग तोच 'ऊ' पाच सुरांवर उतरत, मग 'ओ', आणि 'आ' सगळ्यात शेवटी. 'आ'वर मुलं लगेच ओरडतात.

आपल्या परंपरेत या आवाजाला 'खोटा आवाज' म्हणतात. माझ्या गुरूंनी मला तो कधीच काढू दिला नाही आणि त्यांचं माझ्यापुरतं बरोबर होतं. पण मोठ्या माणसाच्या गळ्याचा नियम दहा वर्षांच्या मुलाला लावणारे जाणकार मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांचं ऐकू नका असं मी स्पष्ट सांगते. मुलाचा तो हलका आवाज खोटा नाही. त्या वयाचा खरा आवाजच तो आहे.

पहिले चार-पाच आठवडे समूह अगदी लहान, मिणमिणता ऐकू येईल. मुख्याध्यापक विचारतील, "आवाज का येत नाही?" पालकही विचारतील. तेव्हा धीर सोडू नका, मी सोडला होता. चाळीस हलके आवाज एका सुरावर नेमके बसले की सभागृह भरतं, पण सूर बसायला वेळ लागतो. तोवर तालमीत वर्गातले पंखे बंद करा. सोलापूरच्या उन्हात हे क्रूर वाटेल, म्हणून सकाळची पहिली तासिका मागून घ्या. पंख्याच्या घरघरीवर मुलं नकळत आवाज चढवतात, आणि मागाच्या घरातल्या मुलांना तर शांततेत गायची सवय शाळेतच लागू शकते.

आता गाणी. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं आणि ते प्रत्येक शाळेत म्हटलं जातं. मुलांच्या कानात शाहीर साबळ्यांचा पहाडी आवाज असतो आणि ती तोच काढायला जातात. तो कसलेल्या, वयात आलेल्या गळ्याचा आवाज आहे. गाणं जरूर घ्या, पण ध्वनिमुद्रण ऐकवून बसवू नका. तुमच्या पेटीवर, मुलांच्या पट्टीत, शब्दांचा ठसका ठेवून पण रेटा काढून बसवा. 'जन गण मन'चंही तेच. परिपाठाला कुणीतरी जमेल तिथून उचलतं आणि शेवटाकडच्या पहिल्या 'जय हे'ला तार षड्ज आला की अर्धी शाळा ओरडते, अर्धी गप्प होते. पांढरी एकचा सा देऊन सुरुवात करा. रोजची ५२ सेकंदं, तीही सगळ्या शाळेची. एवढा रियाज फुकट मिळतो.

कराओके ट्रॅकवर समूहगान बसवणाऱ्यांशी माझं पटत नाही. मोठ्या गायकाच्या पट्टीतला ट्रॅक, त्याचीच लय, आणि मुलं त्यामागे धावत असतात. अॅपमध्ये पट्टी बदलता येते हे मला माहीत आहे. पण मुलांचा श्वास कुठे संपतो ते ट्रॅकला ऐकू येत नाही. स्पर्धेच्या तोंडावर तयार गाणी आणून दोन आठवड्यांत बसवून देणारे मार्गदर्शकही भेटतील. बक्षीस मिळेल, पण त्यांना मुलांची नावंही माहीत नसतात.

माझ्या वर्गाला सगळ्यात जास्त ज्या गाण्याने शिकवलं ते स्पर्धेचं नव्हतं. साखर पेठेतल्या एका मुलीला आजीची तेलुगू जोलपाट येत होती. अंगाईच ती, पाच-सहा सुरांत फिरणारी. अंगाई ओरडून म्हणताच येत नाही. बाळ जागं होईल हे मुलांना सांगावं लागत नाही. भोंग्याने जे महिनाभर जमत नव्हतं ते त्या अंगाईने आठ दिवसांत जमवलं. मग कन्नड बोलणाऱ्या मुलांनी सिद्धरामेश्वरांचं एक वचन आणलं. ज्यांच्या नावाने आपलं गाव ओळखलं जातं ते बाराव्या शतकातले वचनकार होते हे मराठी घरांतल्या मुलांना ठाऊकच नव्हतं. मी त्याला साधी चाल लावली, उच्चार मुलांनीच एकमेकांना शिकवले. आपल्या शहरात एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बसलेली असते. गाण्यासाठी इंटरनेटवर जायच्या आधी वर्गाला विचारा, "घरी कोण काय म्हणतं?"

दोन आवाजांचं गाणं करायची घाई नको. आधी निम्म्या मुलांनी सा-प धरायचा, बाकीच्यांनी गायचं. ते टिकलं की भूप रागातला एखादा पलटा, म्हणजे सुरांची ठरावीक फिरत, घ्या आणि दुसऱ्या गटाला चार मात्रांनंतर सुरू करायला सांगा. भूपात मध्यम-निषाद, म्हणजे म आणि नी, नसल्याने सूर एकमेकांना फारसे बोचत नाहीत. एवढ्यानेच मुलांचे डोळे चमकतात.

सातवी-आठवीतल्या मुलांचा आवाज फुटायला लागला की त्यांना बाहेर बसवतात. कृपा करून तसं करू नका. दोन मुलं माझ्या हातून अशी गेली, परत गायला आली नाहीत. त्यांना चार-पाच सुरांची ओळ द्या, खालचा सा धरायला द्या, आणि दर महिन्याला त्यांची जागा पुन्हा तपासा, कारण ती सरकत राहते. आवाज दुभंगला तर हसणाऱ्याला त्याच क्षणी थांबवा.

ज्येष्ठमध, गरम पाणी, आलं यांवर फार भिस्त ठेवू नका. गिळलेली वस्तू अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंवरून नाही. दिवसभर पाणी पिणं उपयोगी, तेही तालमीच्या पाच मिनिटं आधी नाही, सकाळपासून. दोन-तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर घरगुती उपाय थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा. पालक टाळाटाळ करतील. तेव्हा स्वतः सोबत जा. मी गेले होते.

जानेवारीचं वेळापत्रक मी आता जूनमध्येच मुख्याध्यापकांसमोर ठेवते: कार्यक्रम दोनच, आणि तालीम एका दिवसाला चाळीस मिनिटं. पहिल्या वर्षी हे बोलायची हिंमत झाली नव्हती. ती मुलगी आता नववीत आहे आणि जूनमध्ये नव्या मुलांचे सूर वहीत लिहून घ्यायचं काम तिच्याकडे असतं.