ओंबड्समनच्या पैशासाठी खासदाराला फोन करताना

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचं छोटं इस्पितळ डोळ्यांपुढे येतं. इथे न्यू जर्सीत मात्र तिथे म्हातारी माणसं राहायला असतात. पक्षाघातानंतर माझ्या सासूबाई अशाच एका ठिकाणी आठ महिने होत्या. बोलावायची घंटा त्यांच्या चांगल्या हातालाही पोचायची नाही. शाकाहारी आहेत असं चारदा सांगूनही ताटात चिकनचं सूप यायचं.

शेवटी भिंतीवर लावलेला ओंबड्समनचा, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी ऐकून त्यांची बाजू मांडणाऱ्या माणसाचा, नंबर फिरवला. आलेल्या बाई आधी सासूबाईंच्या खाटेशी बसल्या, फोनवर मराठी दुभाषा घेतला आणि म्हणाल्या, "तुमची परवानगी असेल तरच मी पुढे बोलेन." आठवड्यात घंटा हाताशी आली, जेवणाचं केअर प्लॅनमध्ये, म्हणजे त्यांच्या देखभालीच्या लेखी आराखड्यात, लिहिलं गेलं. आम्हाला एक पैसाही पडला नाही. हे काम सरकारी पैशावर चालतं: काही ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट या ज्येष्ठांसाठीच्या केंद्रीय कायद्यातून, काही राज्याकडून. तो पैसा आटला की अशी बाई खाटेपाशी पोचतच नाही. म्हणून मी दरवर्षी आमच्या खासदाराला फोन करते.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा, म्हणजे संसदभवनाचा, नंबर २०२-२२४-३१२१. ऑपरेटरला आपल्या प्रतिनिधीचं नाव सांगा, ते जोडून देतात. तिथे ज्येष्ठांचे विषय पाहणारा कर्मचारी मागा. मागणी नेमकी हवी: "ओल्डर अमेरिकन्स ॲक्टच्या टायटल सेव्हनमधली ओंबड्समनची रक्कम वाढवा." (टायटल सेव्हन म्हणजे त्या कायद्याचा सातवा भाग.) नुसतं 'वृद्धांसाठी काहीतरी करा' म्हटलं तर वहीत काहीच उतरत नाही. मग आपली हकिगत, दोन वाक्यांत. मी घंटेचीच सांगते. नर्सिंग होमचं नाव घेत नाही. ती तक्रार वेगळी, तिची जागा वेगळी.

एक आकडा जवळ ठेवा. १९९५ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दर २,००० खाटांमागे एक पूर्णवेळ पगारी ओंबड्समन असावा असं सुचवलं होतं. आपल्या राज्यात किती आहेत, हे फोनवरच्या त्या कर्मचाऱ्यालाच विचारा.

फोन वसंतात करा. केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण आकड्यांची जुळवाजुळव खूप आधी चालते. न्यू जर्सीचं बजेट ३० जूनपर्यंत मंजूर व्हावं लागतं, तेव्हा राज्याच्या सिनेटरलाही मेपर्यंत गाठा. ग्रीन कार्डवर असाल तरी संकोचू नका. तुम्ही त्या मतदारसंघात राहता, तेवढं पुरे.

त्याच संध्याकाळी हीच मागणी ईमेलने पाठवा, कर्मचाऱ्याचं नाव आणि फोनची तारीख घालून.