भिंतीवरची प्रमाणपत्रे वाचताना

होम सायन्सची पदवी हाती आल्यावर मी म्हापशातील वजन घटवण्याच्या एका केंद्रात कामाला लागले, तेव्हा तिथल्या भिंतीवरची अकरा प्रमाणपत्रे पाहून इतकी दबून गेले की ती कोणी दिली आहेत हे विचारण्याचे मला सुचलेच नाही. पुढे फायली लावण्याचे काम माझ्याकडे आले आणि उलगडा झाला: नऊ प्रमाणपत्रे दोन-दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गांची होती, तर उरलेली दोन तिथेच विकल्या जाणाऱ्या प्रोटीन पावडरच्या कंपनीने आपल्या विक्रेत्यांना दिलेली होती.

आहारशास्त्रात नव्याने येणाऱ्यांनी कोणाच्या हाताखाली शिकायचे हे ठरवण्याआधी निदान एवढे तपासावे. ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पाटी आपल्याकडे कोणीही लावत आले आहे. ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’, म्हणजे आरडी, ही मात्र 1963 साली स्थापन झालेल्या इंडियन डाएटेटिक असोसिएशनची नोंदणी असून तिच्यासाठी ठरावीक शिक्षण, रुग्णालयातील इंटर्नशिप आणि परीक्षा लागते. त्यामुळे नावापुढे आरडी दिसल्यास नोंदणी क्रमांक मागण्यात काहीही उद्धटपणा नाही. पदवी ज्या विद्यापीठाची आहे त्याचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नाही ना, हेही पाहावे.

‘सदस्य’ या शब्दापाशी विशेष थांबावे, कारण सदस्यत्व पुष्कळदा केवळ वर्गणी भरून मिळते. ब्रिटिश डॉक्टर बेन गोल्डेकर यांनी 60 डॉलर भरून अमेरिकेतील पोषण सल्लागारांच्या एका संघटनेचे व्यावसायिक सदस्यत्व हेन्रिएटा या आपल्या मांजरीच्या नावे मिळवले होते, आणि ती मांजर तेव्हा जिवंतही नव्हती. (आमच्या घरची मांजर निदान बांगडा ताजा की शिळा एवढे तरी अचूक सांगते.) प्रोटीन पावडरच्या डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांकही असाच फसवा ठरतो, तो अन्नव्यवसायाचा परवाना असतो, डबा विकणाऱ्याच्या ज्ञानाचा नव्हे.

कागद तपासून झाल्यावर मी आता एक साधा प्रश्न विचारते: मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाला शहाळे द्यावे का? ज्याने रुग्णालयाच्या वॉर्डात काम केले आहे तो आधी रक्तातील पोटॅशियमचा अहवाल मागतो, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, परिणामी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ज्याने फक्त विक्री केली आहे तो म्हणतो, नैसर्गिकच आहे, त्याने काय होणार? म्हापशाच्या त्या केंद्रात असा अहवाल कधी कोणी मागितला नाही. शहाळे मात्र प्रत्येक तक्त्यात सकाळी अकराच्या रकान्यात असायचे, आणि ते तक्ते टाइप करणारी मीच होते.