शेअरपॉइंटच्या नव्या सोयी कारखान्यात कोणत्या क्रमाने सुरू कराव्यात

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत कागदपत्रांचा कारभार बहुधा दोन ठिकाणी चालतो. ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन (उत्पादनात काय आणि कसे तपासायचे याचा तक्ता) आणि वर्क इन्स्ट्रक्शन (कामगारासाठीची कार्यसूचना) सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असतात, आणि त्यांच्या सर्वांत ताज्या प्रती कुणाच्या तरी ईमेलमध्ये असतात. ज्यांच्याकडे स्वतःच्या सर्व्हरवर शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज सांभाळण्याच्या प्रणालीची २०१६ किंवा २०१९ ही आवृत्ती आहे, त्यांना आता हा कारभार हलवावाच लागणार आहे, कारण या दोन्ही आवृत्त्यांना मिळणारे साहाय्य १४ जुलै २०२६ रोजी संपवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे. अनेक जण मायक्रोसॉफ्ट ३६५ या इंटरनेटवरच्या सेवेकडे वळतात आणि पहिल्याच दिवशी एकत्र संपादन, नव्या पद्धतीच्या टिप्पण्या, मंजुरी, आवृत्त्यांची आपोआप छाटणी आणि बाहेरच्यांना पाठवायच्या लिंका अशा सगळ्या सोयी एकदम समोर येतात. त्या ज्या क्रमाने पडद्यावर दिसतात त्या क्रमाने सुरू करू नयेत. ज्या दस्तऐवजाकडे बघून कामगार यंत्रावर माल कापतो, त्याची मंजूर प्रत आधी सुरक्षित करावी आणि मग बाकीच्या सोयींकडे वळावे, असा माझा आग्रह आहे. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

मसुदा कुणाला दिसावा

सर्वांत आधी लायब्ररीच्या, म्हणजे शेअरपॉइंटमध्ये फायली ठेवण्याच्या जागेच्या, सेटिंग्जमध्ये जावे. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकाच्या चिन्हावर क्लिक करून ‘लायब्ररी सेटिंग्ज’, त्यातून ‘मोअर लायब्ररी सेटिंग्ज’ आणि तिथून ‘व्हर्जनिंग सेटिंग्ज’ असे गेले की हवे ते पान उघडते. लायब्ररी नवी असेल तर इथे फक्त मुख्य आवृत्त्या, म्हणजे मेजर व्हर्जन, चालू असतात. याचा अर्थ असा की कुणीही बदल केला की तो तत्काळ सगळ्यांना दिसतो. कार्यालयातल्या रजेच्या अर्जांसाठी हे ठीक आहे, पण कंट्रोल प्लॅनसाठी नाही. एका कारखान्यात आम्ही ही सेटिंग तशीच ठेवून काम सुरू केले होते. डिझाइन विभागातल्या एकाने टॉलरन्सचा, म्हणजे मापातल्या मान्य फरकाचा, आकडा नुसता सुचवणी म्हणून बदलून ठेवला, जेवणाच्या सुटीनंतर शॉप फ्लोअरवरच्या टॅबवर तोच आकडा दिसला आणि त्या पाळीचा निम्मा माल पुन्हा तपासावा लागला. चूक त्या माणसाची नव्हती, आम्ही सेटिंग न पाहता कामाला लागलो होतो.

म्हणून मुख्य आणि उपआवृत्त्या, म्हणजे मेजर आणि मायनर, असा पर्याय निवडावा आणि त्याच पानावर ‘कंटेंट अप्रूव्हल’ची, म्हणजे मंजुरीची, अट चालू करावी. यानंतर संपादन सुरू झाले की ३.० चे ३.१, ३.२ असे मसुदे तयार होत जातात, आणि प्रकाशित करून मंजुरी मिळाल्यावरच ४.० होते. खालीच मसुदे कुणाला दिसावेत असा प्रश्न असतो. तिथे ज्यांना संपादनाचा किंवा मंजुरीचा अधिकार आहे त्यांनाच दिसतील असा पर्याय निवडला की, ज्याच्याकडे केवळ वाचण्याचा अधिकार आहे अशा ऑपरेटरला मसुदा चालू असतानाही मंजूर झालेली ३.० हीच प्रत दिसत राहते. कागदाच्या काळात ‘कंट्रोल्ड कॉपी’चा लाल शिक्का जे काम करत असे, ते काम ही एक सेटिंग करते.

इथे एक गोंधळ हमखास होतो. ड्रॉइंगवरचे रिव्हिजन सी, म्हणजे ड्रॉइंगच्या सुधारणेचा क्रम, आणि शेअरपॉइंटची आवृत्ती ४.० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण रिव्हिजन न बदलता शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठीही आवृत्तीचा आकडा पुढे जाऊ शकतो. त्यामुळे लायब्ररीत ‘रिव्हिजन’ असा स्वतंत्र कॉलम करावा, शक्यतो निवडीच्या यादीचा, म्हणजे कुणी ‘सी’, कुणी ‘रेव्ह. सी’ आणि कुणी ‘०३’ असे लिहून ठेवणार नाही. मास्टर लिस्ट, म्हणजे सर्व दस्तऐवजांची चालू रिव्हिजनसह यादी, वेगळ्या एक्सेलमध्ये ठेवण्याची गरज मग उरत नाही, त्या कॉलमची यादी हीच मास्टर लिस्ट होते. वाहन उद्योगाला लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ या मानकानुसार ग्राहकाकडून तांत्रिक बदल कळल्यावर त्याचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हावा अशी अपेक्षा असते, म्हणून बदल मिळाल्याच्या तारखेचाही एक कॉलम जोडून ठेवल्यास ऑडिटच्या वेळी ईमेल उपसत बसावे लागत नाही.

आवृत्त्यांची छाटणी

नव्या सोयींपैकी सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येणारी आणि माझ्या मते सर्वांत जपून वापरायची सोय हीच आहे. पूर्वी लायब्ररीत किती मुख्य आवृत्त्या ठेवायच्या याचा एक आकडा ठरवलेला असे आणि तो सहसा ५०० असे. आता त्याच्या जोडीला ‘ऑटोमॅटिक’ असा पर्याय आलेला आहे. तो निवडल्यास पहिल्या ३० दिवसांतल्या आवृत्त्या ५०० च्या मर्यादेपर्यंत जशाच्या तशा राहतात, ३० ते ६० दिवसांच्या दरम्यान साधारण तासाला एक, ६० ते १८० दिवसांच्या दरम्यान दिवसाला एक आणि त्यानंतर आठवड्याला एक आवृत्ती ठेवून मधल्या काढल्या जातात. एकत्र संपादनात फाइल आपोआप साठत असल्यामुळे आवृत्त्या भराभर वाढतात आणि विकत घेतलेली जागा भरते, त्यामुळे या पर्यायामागचा हेतू समजण्यासारखा आहे.

अडचण वेगळीच आहे. समजा, एका भागाचे वर्क इन्स्ट्रक्शन मंगळवारी मंजूर झाले, बुधवारी ग्राहकाने एक माप दुरुस्त करायला सांगितले आणि गुरुवारी नवी प्रत निघाली. सहा महिन्यांनंतर त्या आठवड्याची एकच आवृत्ती उरणार, आणि मंगळवारच्या प्रतीवर तयार झालेला माल तर ग्राहकाकडे पोहोचलेला असतो. अशा प्रकारे छाटलेली आवृत्ती रीसायकल बिनमध्येही जात नाही. हाताने हटवलेली फाइल तिथे ९३ दिवस सापडते, छाटणीत गेलेली आवृत्ती कायमची जाते. दुसरीकडे आयएटीएफ १६९४९ नुसार पीपीएपी (भागाच्या उत्पादनाला ग्राहकाने दिलेल्या मंजुरीची कागदपत्रे), टूलिंगच्या नोंदी, डिझाइनच्या नोंदी, खरेदी आदेश व करार हे तो भाग उत्पादनात आणि सेवेत असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपून ठेवावे लागतात, ग्राहकाने याहून वेगळी मुदत सांगितली नसेल तर.

म्हणून दोन प्रकारच्या लायब्ऱ्या कराव्यात. कोटेशन, बैठकीची टिपणे, प्रशिक्षणाची वेळापत्रके यांसाठी ‘ऑटोमॅटिक’ ठेवायला हरकत नाही. नियंत्रित दस्तऐवजांच्या लायब्ररीत मात्र ‘मॅन्युअल’ निवडून कालमर्यादेच्या जागी कधीच कालबाह्य न होण्याचा पर्याय ठेवावा आणि आवृत्त्यांची संख्या पुरेशी मोठी द्यावी. प्रशासकाने संपूर्ण संस्थेसाठी ठरवलेली मर्यादा प्रत्येक जुन्या लायब्ररीला आपोआप लागू होईलच असे धरून चालू नये, एकेक लायब्ररी उघडून डोळ्यांनी पाहावी. ज्या संस्थेने रिटेन्शनचे, म्हणजे फायली ठरावीक काळ जपून ठेवण्याचे, धोरण लावलेले आहे तिथे त्या धोरणाखालच्या फायलींच्या आवृत्त्या छाटणीपासून वाचतात, पण ती व्यवस्था वेगळ्या परवान्याची असते आणि लहान कारखान्यांत ती क्वचितच दिसते. त्यांच्यासाठी साधा उपाय असा की प्रत्येक रिव्हिजन मंजूर झाले की त्याची पीडीएफ काढून ‘अभिलेख’ नावाच्या लायब्ररीत ठेवावी आणि तिथे लिहिण्याचा अधिकार फक्त डॉक्युमेंट कंट्रोलरला, म्हणजे दस्तऐवज सांभाळणाऱ्या माणसाला, द्यावा. हे थोडे जुन्या वळणाचे वाटेल, पण ऑडिटर समोर बसलेला असताना आवृत्तीच्या इतिहासात शोधाशोध करण्यापेक्षा एक पीडीएफ उघडून दाखवणे केव्हाही बरे.

जुनी आवृत्ती परत आणण्याविषयी एवढेच सांगतो की ‘रिस्टोअर’ केल्याने मधल्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत, जुन्या प्रतीची नक्कल सर्वांत वर नवी आवृत्ती म्हणून येते. त्यामुळे घाबरण्याचे कारण नसते.

एकत्र संपादन आणि टिप्पण्या

वर्डची फाइल अनेकांनी एकाच वेळी संपादित करायची असेल तर ती .डॉक्स (docx) या नव्या स्वरूपात असावी लागते आणि संगणकावरच्या वर्डमध्ये ‘ऑटोसेव्ह’ चालू असावे लागते. जुन्या .डॉक (doc) फायलींवर हे जमत नाही, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या प्रोसिजर बहुतेक त्याच स्वरूपात असतात, म्हणून स्थलांतर करतानाच त्या नव्या स्वरूपात साठवून घ्याव्यात. लायब्ररीत ‘चेक आउट’, म्हणजे एका वेळी एकाच्याच ताब्यात फाइल देणे, सक्तीचे केलेले असेल तरी एकत्र संपादन बंद पडते. ड्रॉइंगच्या सीएडी (संगणकावर आरेखन करण्याच्या) फायलींसाठी चेक आउटच योग्य, कारण तिथे दोघांनी एकाच वेळी काम करणे शक्यच नसते. वर्ड आणि एक्सेलच्या लायब्ररीत मात्र ते काढून टाकावे. दोन्ही प्रकारच्या फायली एकाच लायब्ररीत कोंबल्या की इथे अडकायला होते.

टिप्पण्यांच्या नव्या पद्धतीत एक फरक आहे, जो न सांगितल्यास पहिले काही दिवस तक्रारी येतात. टिप्पणी लिहून झाल्यावर ती पाठवण्याचे चिन्ह दाबावे लागते, किंवा कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबावे लागते. तोपर्यंत ती फक्त लिहिणाऱ्यालाच दिसते. ‘मी तर कालच लिहिले होते, साहेब’ हे वाक्य ऐकू आले की समजावे, टिप्पणी लिहिली गेली आहे पण पाठवलेली नाही. टिप्पणीत ‘ॲट’चे चिन्ह देऊन सहकाऱ्याचे नाव निवडले की त्याला ईमेल जाते. काम झालेल्या टिप्पण्या पुसू नयेत, ‘रिझॉल्व्ह’ कराव्यात, म्हणजे चर्चा नोंदीत राहते.

‘ट्रॅक चेंजेस’मध्येही आता दोन पर्याय दिसतात, एक सर्वांसाठी आणि दुसरा फक्त स्वतःसाठी. नियंत्रित दस्तऐवजात तो सर्वांसाठीच लावावा. एखाद्याला फक्त सूचना करू द्यायच्या असतील तर फाइल शेअर करताना ‘कॅन रिव्ह्यू’ हा अधिकार द्यावा, मग त्याने केलेला प्रत्येक बदल सुचवणी म्हणूनच नोंदला जातो. पाळीप्रमुखांना हा अधिकार देऊन पाहावा. त्यांच्याकडून येणाऱ्या दुरुस्त्या बहुधा सर्वांत उपयोगी असतात आणि आजवर त्या छापील प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या असायच्या.

मराठी मजकूर आणि फायलींची नावे

आपल्याकडची बरीच जुनी कार्यसूचना पत्रके श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने तो इंग्रजी चिन्हांचा मजकूर असतो. त्यामुळे शोधात ती सापडत नाहीत, दोन आवृत्त्यांची तुलना केल्यास हाती निरर्थक अक्षरे येतात आणि ज्या मोबाइलवर तो फॉन्ट नाही तिथे ती वाचताच येत नाहीत. स्थलांतराच्या आधी ती युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत रूपांतरित करून घ्यावीत आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व आकडे एका माणसाने मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. विशेषतः आकडे, कारण ‘०.०५ मिमी’चा दशांशबिंदू हरवला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

फायलींची नावे मराठीत ठेवता येतात, तरी मी ती ठेवत नाही. देवनागरीतली प्रत्येक खूण वेब पत्त्यात नऊ चिन्हांची होते, त्यामुळे ‘नाशिक’ एवढा शब्द पत्त्यात ४५ चिन्हे घेतो आणि ॲड्रेस बारमधून उचलून व्हॉट्सॲपवर टाकलेली लिंक पानभर पसरते. फाइलला लहानसा सांकेतिक क्रमांक द्यावा आणि मराठी शीर्षक कॉलममध्ये लिहावे. तारखेसाठी तिरकी रेघ चालत नाही, आडवी वापरावी. फोल्डरांत फोल्डर असे फार खोल जाऊ नये, फाइलच्या नावासह संपूर्ण मार्गाला ४०० चिन्हांची मर्यादा आहे.

बाहेरच्यांना द्यायच्या लिंका

हा प्रश्न कारखान्यांपेक्षा दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदारांना अधिक सतावतो, कारण जानेवारी ते एप्रिल या हंगामात कीटकनाशकांच्या अवशेष तपासणीचे अहवाल आणि पॅकिंग लिस्ट परदेशी खरेदीदाराला रोज पाठवावे लागतात. लिंक तयार करताना ‘एनीवन’ हा पर्याय सोपा वाटतो, पण ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते. ठरावीक व्यक्तींसाठीचा ‘स्पेसिफिक पीपल’ हा पर्याय निवडला तर ओळख पटवल्याशिवाय फाइल उघडत नाही. ‘एनीवन’ लिंक द्यावीच लागली तर तिला हंगामाच्या अखेरची मुदत आणि पासवर्ड घालावा, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नये. डाउनलोड रोखण्याचीही सोय आहे, पडद्याचा फोटो काढण्यापासून मात्र ती कुणाला अडवत नाही.

हे सगळे लावून झाल्यावर प्रशासकाच्या खात्यातून तपासणी करू नये, त्या खात्याला सगळेच दिसते. शॉप फ्लोअरवरचा टॅब घ्यावा, ऑपरेटरच्या लॉगिनने लायब्ररी उघडावी, एखाद्या दस्तऐवजाचा मसुदा दुसऱ्या संगणकावर मुद्दाम बदलून साठवावा आणि टॅबवर जुनाच मंजूर आकडा दिसतो का ते पाहावे. तो बदललेला दिसला तर व्हर्जनिंग सेटिंग्जच्या त्याच पानावर परत जाऊन मसुद्याच्या दृश्यतेचा पर्याय आणि ऑपरेटरच्या गटाला चुकून संपादनाचा अधिकार मिळाला आहे का, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.