पाळी पुढेमागे होतेय? आधी तारखा लिहा
पाळी सुरू झाली त्या दिवसापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजायचं, संपल्यापासून नाही, बऱ्याच जणी इथेच गोंधळतात. 21 ते 35 दिवसांत येत असेल तर नॉर्मल. टेन्शन, आजारपण, वजन अचानक कमीजास्त झालं तरी एखाद्या महिन्यात पुढेमागे होते. पण तीन महिने आलीच नाही (आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा) किंवा सात दिवसांच्या वर ब्लीडिंग चाललंय तर मुंबईत केईएम, नायर, सायन, जे हॉस्पिटल जवळ पडेल तिथे गायनॅक ओपीडीला जा, तारखा दाखवा, थायरॉइड आणि पीसीओएसचं (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) विचारा. लग्न झालं नाही म्हणून लाजू नका गं! आणि तासातासाला पॅड पूर्ण भिजतंय, लोकलमध्ये उभं राहिलं की चक्कर येतेय, तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी, म्हणजे हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग. आईची पाळी बंद होऊन वर्ष झालं आणि नंतर थेंबभर जरी दिसलं तरी तिला दाखवायला न्याच.